नक्कल

एकतीस वर्षं मी नोटांच्या प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला.
आत जाताना डबा उघडून दाखवायचा,
बाहेर येताना बूटसुद्धा.
एक कागद कमी भरला तर अख्खी पाळी थांबायची.
म्हणून सोसायटीने गच्चीची किल्ली माझ्याकडे दिली
यात नवल काही नाही.

पोरं पहिल्यांदा आली तेव्हा दारातूनच विचारलं,
स्लॅब गळला तर कोण भरणार?
जिजा भोये म्हणाली, काका, ताडपत्री दुहेरी टाकू.
ती सुरगाण्याची, इथे नर्सिंगला.
तिच्यामागे देवळालीगावातला तन्वीर, एसी दुरुस्त करणारा,
आणि बोरस्त्यांचा ओजस.
बापाने बागेत नको म्हणून शहरात धाडलेला
आणि इथे येऊन माती शोधत फिरणारा.

रविवारी सहा ते आठ, मी म्हटलं.
किल्ली परत. वहीत सही.

त्यांनी वर नेले द्राक्षांचे फुटके क्रेट,
मिसळवाल्याकडची पोतंभर कांद्याची सालं,
गंगेवरून गोळा केलेला ओला झेंडू,
आणि जिजाच्या आईने राखेत घोळवून
भोपळ्याच्या तुंब्यात भरलेलं बी:
चवळी, तांबडा माठ, दोडका,
आणि आणखी एक कसलंसं,
ज्याचं नाव जिजाला फक्त तिच्या बोलीत येत होतं.
वहीत ती जागा मी कोरी सोडली.

पहिला पालक एप्रिलमध्ये जळाला.
बेचाळीस डिग्री. नुसत्या उन्हात पापड भाजावा अशी फरशी.
मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग तन्वीरने चारही मजल्यांच्या एसींच्या नळ्या
एका निळ्या पिंपात आणून सोडल्या.
ज्या ठिबकणाऱ्या पाण्यावरून कुलथे आणि जाधव
तीन उन्हाळे भांडले,
ते पाणी चवळीला.
भांडण मिटलं असं नाही.
आता ते शेंगांवरून होतं.

मार्चमध्ये गारा आल्या. रात्री साडेदहा.
किल्ली माझ्या उशाखाली,
आणि दारात तीन हेल्मेट.
मी डोक्यावर परात घेऊन मागून चढलो.
हिरवी जाळी फाटून फडफडत होती,
जिजा पोत्यांनी क्रेट झाकत होती, नावं घेऊन,
जणू वॉर्डातले पेशंट.
ओजसचा एक हात जाळीला,
दुसऱ्या हातात फोन, कानाला घट्ट.
पलीकडे निफाडहून बाप.
तिकडे तीन एकर, काढणीला आठ दिवस.
इकडे एक्केचाळीस क्रेट.
तो एवढंच म्हणत होता:
हो. हो आप्पा. इकडंबी पडतायत.

परातीवरचा आवाज अजून कानात आहे.

सकाळी माठाच्या नुसत्या काड्या.
त्या आठवड्यात बाजारात कोथिंबिरीने भाव खाल्ला
आणि भाजीची गाडी दोन दिवस आलीच नाही.
नवव्या दिवशी
वहीतल्या कोऱ्या जागेने पान काढलं.
जमिनीला धरून राहणारी, बुटकी, आंबटसर,
गारांना जिने फारसं मनावर घेतलं नव्हतं.

वॉचमनच्या टेबलावर जुड्या मांडल्या, भाव न लावता.
मी मोजल्या. एकोणीस.
सवयीने पुन्हा मोजल्या. एकोणीस.
आमची घरं चौसष्ट.
एकोणीस जुड्यांनी काय होतं?
फार काही होत नाही.
समोरच्या दोन इमारतींनी पोरांना बोलावलं,
त्यातल्या एकीने नंतर नाही म्हटलं.
ओजस शनिवारी निफाडला जातो,
येताना तुंबा घेऊन येतो, जाताना भरून नेतो.

काल बिटको चौकात चावीवाल्यापुढे उभा राहिलो.
त्याने किल्ली उजेडात धरली,
विचारलं, नक्कल किती?

ज्या शब्दाला भिऊन एकतीस वर्षं पगार घेतला,
तो त्याने इतक्या सहज टाकला
की क्षणभर मी मागे वळून पाहिलं.

पाच, म्हटलं.
मग म्हटलं, सहा कर.

कानस थांबली.
सहाही किल्ल्या अजून कोमट होत्या.
सदऱ्याच्या खिशात टाकून
मी चौकातून चालत निघालो
आणि कुणी झडती घेतली नाही.