उतरण्याआधी माचुओ सांगतो

सगळे इकडे बघा. फोन डब्यात ठेवा.
तिचा डेक चौतीस मीटरवर आहे,
तळ पन्नासला. तिथे कुणी जायचं नाही,
मीही जात नाही, मला तीन मुली आहेत.
हवेचा काटा सत्तरवर आला की मूठ छातीशी.
बोलायचं ते आत्ताच बोलून घ्या.
बुडत्याचा पाय खोलात म्हणतात,
तुम्ही तर त्यासाठी डॉलर मोजलेत.

त्यातले पाच फेफानच्या मंडळींचे.
हा खडक त्यांच्या पणजोबांपासूनचा,
जहाज वरून येऊन पडलं,
भाडं न ठरवता.

नावातलं 'मारू' तेवढं दिसेल,
आधीची अक्षरं प्रवाळाखाली.
दुसऱ्या कोठारात ट्रकची चाकं,
बाटल्या, आणि बुटांचे तळवे:
चामडं गेलं, रबर राहिलं.
एखादी पांढरी फांदी दिसली
आणि ती प्रवाळासारखी वाटली नाही,
तर दिवा वळवा.
फोटो नको.

पाण्यावरचा तो रंगीत डाग बघा.
टाकीतून थेंब सुटतो,
पाचेक मिनिटांनी एक.
ऐंशी वर्षं झाली.
तेल कुणाचं, उपसायचं कुणी,
यावर सरकारं एकमेकांना पत्रं लिहितात.
इथले मासे आम्ही खात नाही.
तोवर आम्हीच तिला
डोळ्यांत तेल घालून जपतो,
तेलाला काही तोटा नाही.

आता स्वयंपाकघर. एकेकटे आत,
पाय हलवायचे नाहीत, गाळ उठतो
आणि मग मी तुम्हाला चाचपडत शोधत बसतो.
डाव्या हाताला फळी आहे.
फळीवर कप आहेत.

माझे आजोबा एतेनवर दगड वाहायचे,
धावपट्टीसाठी, चौदाव्या वर्षी.
एकदा नीरफणसाची टोपली घेऊन हिच्यावर चढले.
आचाऱ्याने टोपली ठेवून घेतली,
पैसे दिले नाहीत, कप दिला:
पांढरा, बिनकानाचा, काठाला निळी रेघ.
आचाऱ्याला खोकला होता,
एवढंच सांगायचे आजोबा त्याच्याबद्दल.
तिसऱ्या दिवशी विमानं आली.

त्या कपातून ते मरेपर्यंत कॉफी प्यायले.

फळीवर तसलेच अकरा होते.
मी दर फेरीला मोजतो, सवय आहे,
तुम्ही खिशातली किल्ली चाचपता तशी.
गेल्या मार्चमध्ये दहा भरले.
त्या दिवशी बोटीवर सहा जण होते,
सगळे गोड बोलणारे.
एकाने तर भरघोस टीप दिली.
मी ती परत केली नाही,
मोटरचा पंखा मोडला होता.

मग घरचा कप नेला,
मोज्यात गुंडाळून, जॅकेटच्या आत.
बायको म्हणाली, पाहुण्याला आता कशात देऊ?
रिकाम्या जागी ठेवला
तर सगळ्यांत तो एकटाच लख्ख,
नव्या जावयासारखा अवघडलेला.
पंधरा दिवसांनी त्याच्यावरही मळ चढला.
आता आजोबांचा कुठला
ते मलाच ओळखता येत नाही.

तर कप अकरा आहेत.
वर आल्यावर मी एकेकाला विचारणार, किती?
बारा म्हणालात तर डोक्याला नायट्रोजन चढलाय,
दहा म्हणालात तर आपण सगळे परत खाली जाऊ.

ओसाकाच्या बाई, तुम्हाला आत जरा जास्त वेळ.
का, ते मी विचारलेलं नाही.
मी दाराशी थांबेन,
दिवा दुसरीकडे धरून.

मास्कमध्ये थुंका, चोळा, धुवा.
टाक्या उघडल्या? परत बघा.
काठावर बसा, पाठ पाण्याकडे,
उजवा हात मास्कवर, डावा पट्ट्यावर.
मागे वळून बघू नका.
मागेच पडायचंय.