लोखंडापासून दहा पावलं

सारसोळेची जेट्टी, सकाळचे पावणेसात.
ओहोटी लागलीय, तिवरांच्या पायात चिखलाचे मोजे.
ड्रोन पेटीतून काढते, हात उलगडते त्याचे,
आणि स्क्रीनवर तांबडी ओळ :
होकायंत्र जुळवून घ्या.

नवी होते तेव्हा लगेच ऐकायचे.
उभी असेन तिथंच गरगर फिरवायचे,
एकदा आडवं, एकदा नाक खाली करून,
हिरवा दिवा लागला की झालं.

कामोठ्यालाही लागला होता हिरवा दिवा.
अर्ध्या टॉवरचा अकरावा स्लॅब,
पायाखाली सळयांची जाळी.
वर गेलं आणि घुटमळायला लागलं,
आधी छोटा गोल, मग मोठा, मग त्याहून मोठा,
घाण्याला जुंपल्यासारखं,
आणि शेवटी पत्र्यावर.

डाबरे सर वसईहून आले.
तुटलेलं पातं उचलून खिशात टाकलं.
म्हणाले, वर काही चुकलं नाही,
चुकलं ते इथं खाली.
सळईशेजारी उभं करून तू त्याला विचारलंस, उत्तर कुठाय?
त्यानं सळईकडे बोट दाखवलं
आणि तू बरोबरची खूण केलीस.

तेव्हापासून आधी स्वतःला झाडते.
मोबाइल पिशवीत, किल्ल्या पिशवीत,
घड्याळ, केसातली पिन.
गळ्यातलं राहू देते.
सोन्याला दिशा कळत नाही.
मग जेट्टीच्या गंजक्या खुंटापासून दहा पावलं,
मातीवर.
बंद करून पुन्हा चालू.
बहुतेक वेळा ओळ आपोआप जाते.
यंत्र ठीक असतं,
जागा चुकलेली असते.

आतल्या तोलाचं तंत्र वेगळं.
ते गार असताना, सपाट फरशीवर,
आणि तेवढा वेळ कुणी हात लावायचा नाही.
उन्हानं तापलेल्याला तोल विचारू नये.
(हेही सरांचंच. सर स्वतः मात्र
रिक्षावाल्यांशी उन्हातच भांडतात.)

आज दहा पावलांवरही तांबडीच.
विसाव्या पावलावरही.
मग आठवलं : काल भाचीच्या हळदीहून येताना
पेटी डिकीत होती, भल्यामोठ्या साउंडबॉक्सला टेकून.
त्याच्या पोटात केवढं चुंबक.
म्हणजे आज खरंच लागणार.

कोपरं ताणून, अंगापासून लांब धरून
सावकाश फिरते एक फेरा.
सुकट पसरणाऱ्या बामाबाईचा हात थांबतो.
"नजर कारतंस का गो त्याची?"
हो, म्हणते.
मीठमोहऱ्या तेवढ्या नाहीत.
"मग कशी उतरंल?"
ती गंभीर आहे. मीही.

पिशवी थरथरतेय. घरून तिसरा फोन.
पुण्याच्या कंपनीला काय कळवायचं, ठरलं का?
काल रात्री सगळे जेवायला बसलेले,
हातात माझ्या भाताचा डाव,
तेव्हाही हेच विचारलं होतं.
मी "नाही" म्हटलं होतं
आणि सगळ्यांना बरं वाटलं होतं.

हिरवा दिवा.
तीन मीटर वर नेऊन थांबवते,
काठ्यांवरून बोटं काढून घेते.
खाली बगळा, वर हे.
तीस आकडे मोजायचे, हा माझा नियम.
अकरा, बारा.
हलत नाही.
बामाबाई मान वर करून बघतेय,
माझ्याबरोबर तीही मोजतेय बहुतेक,
ओठ हलताहेत तिचे.

फोन वाजून वाजून गप्प होतो.
तो विसाव्या पावलावर आहे.
एकोणतीस.