कंदील

"बरोबर-चूक असं यात काही नसतं," मी म्हणते.
रोजच म्हणते, सिव्हिलच्या त्या खोलीत
जिथं पंखा फिरतो आणि वारा लागत नाही.
"जे दिसतंय ते सांगायचं."

सातगोंडा मगदूम, वय बावन्न,
सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईला.
झोप नाही. जिना उतरताना घाम फुटतो,
चढताना नाही.
कार्ड त्यानं दोन्ही हातांनी धरलं,
सोयरिकीला आलेला फोटो धरावा तसं.

लोक काळ्यात बघतात.
वटवाघूळ, फुलपाखरू, भांडणाऱ्या दोन जावा,
एका वकिलाला तर नुसती कंबरेची हाडं.
सातगोंडा काळ्याकडं बघेचना.
मधला पांढरा तुकडा, जिथं शाई पोचलीच नव्हती,
त्यावर बोट ठेवून म्हणाला,
"हे त्वांड."
कशाचं?
"पेवाचं की ओ. हरिपुरातल्या."

दुसरं कार्ड. पेव.
तिसरं. "ह्यो माणूस वाकलाय. आत बघतोय."
चौथ्याला एक मिनिट दहा सेकंद गप्प
(मी घड्याळ बघून लिहिते, तेच माझं काम)
आणि मग, कुणी काही न विचारता,
"कंदील इझला न्हवता."

मी कंदिलाचं विचारलं नव्हतं.

कॉलेजात सरांनी फळ्यावर हिमनग काढला होता.
वर टिचभर अहम्, खाली पाण्यात इदम्,
पराहम् कडेला, काठी घेतलेल्या पोलिसासारखा.
आकृतीला पाच मार्क. मी पाठ केली.
हिमनग ना सरांनी पाहिला होता, ना मी.
आणि इथून रिक्षानं वीस मिनिटांवर
नदीकाठच्या मातीत पोटं होती,
दोन पुरुष खोल, तोंड जेमतेम माणूस जाईल एवढं,
आत हळद, वरून माती सारखी केलेली.
वर्षानुवर्षं तशीच राहायची.
कीड नाही, कारण हवा नाही.

माणूसही त्याच कारणानं राहत नाही आत.

म्हणून झाकण काढून थांबायचं असतं.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
जळत राहिला तर माणूस उतरेल.
विझला तर अजून थांबायचं.
हे मला सातव्या कार्डावर कळलं.
"भरमू धाकटा. मालाची गाडी हुबी हुती,
डायवर हॉर्न मारत हुता.
भरमू म्हणाला, दादा, उतरू?"

कार्ड उलटं केलं. परत सुलटं.
"उलटं केलं तर चालतंय न्हवं?"
चालतं.
पुढचं काही तो बोलला नाही
आणि दोरीचं वरचं टोक कुणाच्या हातात होतं
हे विचारायला माझ्याकडं कार्ड नव्हतं.

पुरात पेवं खचली, बुजली.
आता कोल्ड स्टोरेज आहे, पावती मिळते.
पेवं फुटतात ती फक्त पेपरात,
क्लासेसचं पेव, पतसंस्थांचं पेव.
सातगोंडाचं फुटलं नाही. रडला वगैरे नाही.
तांब्याभर पाणी पिला, पिशवी उचलली,
दारात वळून म्हणाला, "पास झालो का?"

अहवाल लिहायला बसले.
एकूण प्रतिसाद एकवीस, पांढऱ्या जागेतले बारा.
नकार: ठळक.
सूचनेच्या रकान्यात काय लिहू कळेना.
"झाकण काढून थांबावे" असं लिहिलं,
मग खोडलं, मग
खोडलेल्याचा डाग नको म्हणून पान बदललं.

चौथ्या कार्डाच्या कडेला
त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा राहिलाय.
पुसायला हवा. नियम आहे.
मी स्पिरिट आणि कापूस काढून ठेवलाय मंगळवारपासून.

काल एका बारावीच्या मुलीनं ते कार्ड बराच वेळ धरलं,
म्हणाली, "मॅडम, हा पिवळा धरायचा
का सोडून द्यायचा?"