दीड तास

रुवीच्या चौकात, मनी एक्स्चेंज आणि शिंप्याच्या मधल्या गाळ्यात
मी तिकिटं काढते. सोळा वर्षं.
लोक काचेवर वाकून विचारतात, किती लांब, किती वेळ.
मला पाठ आहे.
मस्कत ते मुंबई, सरळ रेषेत, साडेपंधराशे किलोमीटर.
पावणेतीन तास धरा.
वारा पाठीशी असेल तर थोडं कमी.

पण सरळ रेषेच्या टोकाला कुणाचंच घर नसतं.
कवठेमहांकाळच्या नर्सला पुढे रात्रभराची बस.
हनीफ बामणे तर बोटांवर मोजायचे:
विमानतळ ते पनवेल, पनवेल ते खेड,
खेडहून वडाप, आणि होडी चुकली तर उद्या.
"समुद्र अडीच तासात आटपतो गो बाय,
खाडीलाच दिवस जातो."

तरी दरवर्षी मे लागायच्या आत ते येत
आणि विचारत, "आता किती टाइम लागतो?"
जणू मधल्या वर्षात कुणी
समुद्र थोडा दुमडून ठेवला असेल.
तेवढाच, चाचा.
मग नोटा मोजत. नोटा नेहमी दमट.
पाण्याचा टँकर चालवायचे ना.

मनगटावरचं घड्याळ दीड तास पुढे.
सव्वीस वर्षांत एकदाही काटे मागे घेतले नाहीत.
ड्यूटी पाचची, तर घड्याळात साडेसहा;
वजाबाकी करत टँकर काढायचा,
वजाबाकी करत वादी कबीरचा चढ चढायचा.
एकदा वजाबाकी चुकली, त्या दिवसाचा पगार गेला.
"फोन न करता कळतं," एवढंच म्हणाले होते मला,
"आता कोंबड्या सोडल्या. आता पोरगी शाळेतून आली."
पुढे पुढे, आता पोरीची पोरगी.

परवा आले. हातात व्हिसा रद्द झाल्याचा कागद.
"फक्त जायचं काढ."
स्क्रीनने परतीची तारीख मागितली.
मी खूण काढली, चौकट राखाडी झाली.
त्यांनी वेळ विचारलीच नाही,
म्हणून मीच सांगितली: दोन तास चाळीस, चाचा.

ते घड्याळ काढून काउंटरवर ठेवत होते.
चावी ओढली, माझ्या डोक्यावरच्या
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत
काटे मागे आणू लागले, सावकाश,
भरलेला टँकर अरुंद गल्लीतून
रिव्हर्स घ्यावा तसे.
"आता? जायच्या वेळेला?"
"मग? तिकडं मला इकडची वेळ कोण सांगणार?
नासिरचा चहा कधी उकळला,
कुणाच्या गच्चीवरची टाकी कधी भरली."
आणि पट्टा बांधता बांधता,
"सव्वीस वर्सं काय कमी असतात?"

रात्री सव्वाला मला उगाच जाग आली.
विमान सुटलं असेल.
उजाडायच्या आत ते उतरतील, आणि पुढे, होडी मिळाली तर,
खाडीकाठच्या एका गावात
एक माणूस सगळ्यांच्या दीड तास मागे राहील.
जेवायला हाक मारतील तेव्हा म्हणेल,
अजून वेळ आहे.

सकाळी काचेपाशी नवा पोरगा.
गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, फोटोतही घाबरलेला.
"मॅडम, मुंबईला किती वेळ लागतो?"
भिंतीवर नऊ वाजले होते.
पलीकडे साडेदहा. भरती असेल, नसेल.
पावणेतीन तास, मी म्हटलं.
आणि सोळा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं,
पुढे कुठे जायचंय?