परतावा नाही

रात्रीचे सव्वाअकरा. धायरीतला आमचा तिसरा मजला.
जेवणाचं ताट बाजूला सारून
मी वहीत तीन रकाने आखले.
पार्कातलंच हॉटेल: नऊ हजार आठशे, नाश्ता धरून.
बाहेरचं लॉज: दोन हजार दोनशे, अंतर साडेतीन किलोमीटर,
नाश्त्याविषयी मौन.
आणि तिसरा रकाना, माझा लाडका:
पहाटे पाचला निघा, रात्री घरी या. शून्य.

चाकणला मी हेच करतो. हातात स्टॉपवॉच,
कामगार वाकला किती सेकंद, वळला किती,
बोल्ट उचलायला दोन पूर्णांक चार.
माझ्या वहीत कुणी कधी दमत नाही.
दमण्यासाठी टक्केवारी असते. आठ.

तर मी पाळणे मोजले, रांगा मोजल्या,
तिकिटाला मिनिटांनी भागलं.
आत राहिलो तर सकाळचा पाऊण तास वाचतो,
म्हणजे मिनिटाला एकशे एकोणसत्तर रुपये.
इतकी महाग मिनिटं आमच्या घराण्यात
अजून कुणी वापरलेली नाहीत.

उल्का म्हणाली, तांबोळी वहिनी आतच राहिल्या होत्या.
ऊन डोक्यावर आलं की पोरं खोलीवर येऊन झोपायची,
चारला पुन्हा ताजी.
ती झोप कुठल्या रकान्यात घातलीस?
मी म्हटलं, आठ टक्क्यांत.
ती भांडी आवरायला उठली.
आवाज जरा जास्तच झाला.

त्या आवाजाने शर्वाणी उठली, पाणी प्यायला आली.
तिला पाळण्यांचं विशेष काही नाही.
हॉटेलात तो एवढुसा साबण असतो ना, कागदातला?
तो मग आपलाच ना?
उत्तर न ऐकताच परत झोपायला गेली.

एक्क्याण्णव साल असेल. बाबा बारामतीहून
मला आणि वसूला पुणं दाखवायला घेऊन आले होते.
स्वारगेटसमोरचा लॉजवाला पंचेचाळीस म्हणाला.
मुलं धरून? बाबांनी विचारलं,
आणि उत्तर येण्याआधीच वळले.
शेवटची एसटी होतीच की.
शनिवारवाडा दहा मिनिटं, सारसबाग पाच,
मग पेशवे पार्कात फुलराणीची रांग.
पुडीतल्या शेंगा, इंजिनाची शीळ, वसूची चुळबुळ.
आमच्यापुढे दोनच माणसं उरली
तेव्हा बाबांनी घड्याळ बघितलं.

एसटीत त्यांनी मला खिडकी दिली.
सासवडपर्यंत कुणी बोललं नाही.
मग ते म्हणाले, पंचेचाळीस वाचले.
कुणाला उद्देशून नाही, नुसतंच.

दोष देत नाही मी. त्या पैशांत वसूच्या चपला आल्या.
पण ती दोन माणसं मला अजून पाठमोरी दिसतात,
एकाच्या शर्टाची खांद्यावर उसवलेली शिवण.

वही मिटली. फोन घेतला.
बाहेरचंच लॉज. पण दोन रात्री.
चार हजार चारशे, आतल्या एका रात्रीच्या निम्म्याहून कमी,
आणि दुपारी झोपायला रिक्षाने साडेतीन किलोमीटर.
उल्काने ओल्या हातानेच स्क्रीन मोठा केला.
फोटोत पंखा आहे, एसी कुठाय?
आहे, म्हटलं, खाली बारीक लिहिलंय.
ती हसली नाही, पण खुर्ची ओढून बसली.

शेवटी दोन गोल आले.
रद्द केल्यास सगळे पैसे परत.
आणि त्याखाली, तीनशेने स्वस्त: परतावा नाही.
मी नेहमी वरचा निवडतो.
कुणाला ताप येईल, साहेब रजा नाकारतील,
नवले पुलावर ट्रक उलटेल.
माघारीची सोय मी आयुष्यभर
थोडे जास्त पैसे देऊन घेत आलोय.

विशेष विनंतीच्या चौकटीत लिहिलं:
छोटे साबण, जमल्यास दोन.
मग खालच्या गोलावर बोट ठेवलं.

तीनशे वाचले, मी म्हणालो.
हळू, उल्का म्हणाली, ती झोपलीय.