कारणे द्या

जूनी इंदूर, सरकारी कन्या शाळा, अकरावी ब.
यंत्रं उतरवून, लाखेच्या कांड्या मोजून
बाकं भिंतीला सरकवली, तेव्हा दिसलं,
फळा कुणी पुसलेलाच नव्हता.
हिंदीतलं ठसठशीत अक्षर, मधे एक उभी रेघ.

डावीकडे फेडरलिस्ट: बळकट केंद्र, बँक, इंग्लंडशी व्यापार.
उजवीकडे रिपब्लिकन: राज्यांचे हक्क, नांगर, फ्रान्सशी सलगी.
त्याखाली बारीक, बाईंना बोलता बोलता सुचलं असावं:
'हे आले तर घरातली बायबलं जातील, अशी आवई.'
आणि कोपऱ्यात, चौकटीत:
सन अठराशे. तुम्ही मतदार असता तर? कारणे द्या. गुण पाच.

साडेनवाला सेक्टर अधिकारी आले, मफलरसकट.
खासगीवाले, हे पक्ष कुठले?
म्हटलं, साहेब, अमेरिकेतले. मरून दोनशे वर्षं झाली.
ते जरा विचारात पडले.
मग म्हणाले, केंद्रात पक्षाचं नाव नको. पुसा.

डस्टर सापडेना. चौरसियाने वर्तमानपत्र पुढे केलं,
त्यात पानभर जाहिरात, हात जोडलेली. तेही नको.
शेवटी माझ्याच रुमालाने
एक बँक पुसली, एक नांगर पुसला,
फ्रान्स काही जाता जाईना.
कोपऱ्यातला प्रश्न ठेवला. त्यात पक्ष कुठे होता?

झोप नाही. सतरंजीखाली फरशी गार,
खिडकीतून कान्ह नदीचा वास.
कॉलेजात वाचलेलं आठवत राहिलं:
तिकडे व्हर्जिनियात मतदार चारचौघांत उभा राहून
मोठ्याने नाव सांगे,
उमेदवार समोरच बसलेला, तो मान लववून आभार मानी.
ज्याला मिळालं नाही, तोही ऐकत बसे.
जमीनवाला, गोरा, पुरुष,
एवढ्यांचाच तो आवाज.
बाकीचे बाहेर. कुणीतरी घोडे धरायला हवेच होते.

सकाळी सात. पहिली गेंदाबाई कुशवाह,
भाजीचा ठेला फाटकाशी लावून आलेली.
बोट पुढे केलं ते काटा काढायला द्यावं तसं.
साडेआठला हिंगवेकाका, वय एकोणनव्वद,
दारातूनच गरजले:
मी ह्यांनाच देणार! सत्तावन्न सालापासून देतोय!
दोन्ही एजंट ताठ. एक हसला,
एकाने कागदावर काहीतरी खरडलं.
मी उठलो. काका, मनात. मनातच ठेवायचं.
मनात काय ठेवायचं? अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.
गल्लीला असू दे, काका. मला नको.

पुठ्ठ्याच्या आडोशाला गेले.
खाली नुसती काठी दिसत होती आणि कॅनव्हासचे बूट.
बीप यायला इतका वेळ लागला
की चौरसियाने पेन खाली ठेवलं.

बीप.

बाहेर आले ते गप्प.
चष्मा सारखा करून फळ्याकडे पाहिलं,
ओठ हलवत वाचलं.
पाचच गुण? म्हणाले,
आणि शाईचं बोट मुठीत घेऊन
व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरले,
दुसरीवर जरा थांबून.