सात घरं

तिसरं पत्रक काढलं. पहिल्या दोन्हींची
कुणी साधी पोचही दिली नव्हती.
शनिवारी रात्री बारापासून जुनी निकालप्रणाली बंद.
हरकत असल्यास कळवावे.
कुणाचीच नव्हती. फक्त खिडकी तीनवरचे बिराजदार
जिना चढून आले, मान पुसत म्हणाले,
मॅडम, दोन हजार सहाच्या पोरींना काय सांगू?
त्या आता अंगणवाडीच्या फॉर्मसाठी येतात,
हातात फाटकी झेरॉक्स, सोबत दहावीला बसलेलं लेकरू.
म्हटलं, सगळं नव्यात घेतलंय.
बरं, म्हणाले. आणि उभेच राहिले.

ही प्रणाली रामुलू कंदीकटलांनी लिहिली.
वडील मागावर, हे फॉक्सप्रोवर.
काम एकच, म्हणायचे,
तुटलं की थांबायचं, गाठ मारायची, पुढं.
आडनावाला त्यांनी सातच घरं ठेवली.
डिस्क महाग होती, आणि जोशी, पवार, माने
ऐसपैस मावत होते.
मग त्यांच्याच मुलीच्या गुणपत्रिकेवर
कंदीकटल
असं आलं. काना बाहेर राहिला.
हेडक्लार्कनं तो पेनानं ओढला,
शेजारी सही, वर शिक्का.
तेव्हापासून साखर पेठेतल्या, दाजी पेठेतल्या
लांब आडनावांची शेपटं
आम्ही निळ्या शाईनं जोडत आलो.

अकरा पन्नास. एप्रिल.
भिंतीला पाठ टेकवत नाही.
एसी फक्त या डब्यासाठी होता,
उद्यापासून तोही नाही.
शेवटचं एकदा बघितलं, आत कोण आहे.
एक जण. खिडकी तीन.

फोन लावला.
काय नाही ओ, माझाच निकाल बघालतो.
बीए भाग दोन, एक विषय राहिलाय.
तो पण गेला का नव्यात?
गेला.
नापास म्हणूनच?
नापास म्हणूनच.
हसले. थांबा मग, बाहेर पडतो, म्हणाले,
आणि खरंच, पडद्यावरची ती एक ओळ
जरा वेळानं नाहीशी झाली.

बारा वाजून चार मिनिटांनी पंखा थांबला.
एवढा आवाज होता त्याचा,
हे आत्ता कळलं.
सोमवारी भंगारवाला येईल, किलोवर नेईल,
आमच्या गल्लीतले माग नेले तसा.

घरी जायच्या आधी नवी प्रणाली उघडली.
तिच्यात आडनावाला शंभर घरं आहेत.
कंदीकटला.
काना जागेवर.
त्याच्यापुढं ब्याण्णव घरं रिकामी.